टाळूची खिडकी

आमच्या संग्रामपूरकडे बाळंतिणीच्या खोलीत शिरले, की आधी नजरेस पडते ती तेलाची वाटी. घरातली वडीलधारी बाई बाळाला पायांवर घेते आणि माथ्यावरच्या त्या मऊ, धडधडत्या जागी बोटाने तेल जिरवते. याला आपण टाळू भरणे म्हणतो. च, छ, ज, झ हे तालव्य वर्ण मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो. पण तोंडातल्या टाळूखेरीज ही दुसरी टाळू किती मोलाची, हे मला कळले ते पुतणीचे बाळ सातव्या महिन्यातच जन्माला आले तेव्हा.

बाळाला अकोल्याला नेले. ते काचेच्या पेटीत होते. डॉक्टरांनी टाळूवर पातळसा लेप लावला आणि अंगठ्याएवढे यंत्र अलगद टेकवले. माझी वहिनी कळवळून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, टाळूले हात नोका लावू, लेकरू लय नाजूक हाये!"

डॉक्टर हसले. म्हणाले, "आजी, आत डोकवायला देवाने एवढी एकच खिडकी उघडी ठेवली आहे."

त्या बोलण्यात सारे शास्त्र आले. आपल्या कानाला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचाच आवाज ऐकू येतो. हे यंत्र काही दशलक्ष कंपनांच्या श्राव्यातीत लहरी सोडते आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनींतून चित्र रेखते. मात्र हाड या लहरींना अडवते. १९४० च्या सुमारास ऑस्ट्रियातील डॉ. डुसिक मोठ्या माणसाचा मेंदू असाच पाहू गेले, तेव्हा कवटीनेच त्यांना चकवले. बाळाची टाळू साधारण बारा ते अठरा महिन्यांत बुजते. तोवर वाट मोकळी असते. क्ष-किरण नकोत, की बाळाला पेटीबाहेर काढायला नको.

पाहायचे असते ते काय? अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूत, पाण्याच्या पोकळ्यांच्या कडेला अतिशय नाजूक रक्तवाहिन्या असतात. त्या फुटल्या तर बहुधा पहिल्या तीन दिवसांतच फुटतात आणि वरून पुष्कळदा काहीच कळत नाही. रक्ताने पाण्याची वाट अडली, तर पोकळ्या फुगतात व डोके वाढू लागते. हे वेळीच दिसले, तर शस्त्रवैद्याला पाण्याला वाट करून देता येते.

नेहमीचे यंत्र टरबुजाची एकेक चकती दाखवते. अख्खे टरबूज डॉक्टरांनी मनात जुळवायचे. त्रिमिती यंत्र काही सेकंदांत सगळे टरबूजच टिपून ठेवते. मग बाळाला पुन्हा न छेडता ते हवे तसे कापून पाहावे, पोकळीत पाणी किती हे मोजावे, दूरच्या तज्ज्ञालाही दाखवावे. बाळ हलले तर चित्र बिघडते, हा त्यातला दोष. त्यामुळे साध्या यंत्राचा आधार अजून सुटलेला नाही.

वाचकहो, याच यंत्राची एक काळी बाजूही आपल्या जिल्ह्याने पाहिली आहे. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुली होत्या अवघ्या ८५५. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणारे आपण ऐकले होते; इथे तर टाळू जगाला दिसण्याआधीच लोणी खाणारे निघाले! म्हणून महाराष्ट्राने १९८८ साली आणि देशाने १९९४ साली कायदा केला, आणि अशा यंत्रांची नोंदणी सक्तीची झाली. नवजात बाळांच्या डॉक्टरांनाही त्या कागदपत्रांचा जाच सोसावा लागतो. पण ८५५ हा आकडा डोळ्यांसमोर ठेवला, की त्याविरुद्ध तक्रार करायला माझी जीभ रेटत नाही. यंत्राला पाप-पुण्य नसते. ते कुठे टेकवले आणि कशासाठी टेकवले, यावर सारे अवलंबून.

आमच्या बाळाच्या डोक्यात डावीकडे रक्ताचा लहानसा डाग दिसला. आठवड्याने पुन्हा पाहिले, तो वाढला नव्हता. वहिनीने त्या दिवशी डॉक्टरांना विचारले, "आता टाळू भरू ना?" त्यांनी मान डोलावली, फक्त जोर न देता, एवढे बजावले.

या दिवाळीला बाळ रांगत दारातल्या रांगोळीपर्यंत पोचते आणि ती पुसून टाकते. कोणी रागावत नाही. सांगायचे राहिलेच, बाळ मुलगी आहे.