मुलींच्या मोबाइलवरच्या कोरियन मालिका : कोणत्या पाहाव्यात, कशा पाहाव्यात?

विरार, नालासोपारा, वसई येथून रोज सकाळी कामाला आणि कॉलेजला निघणाऱ्या आपल्या मुलींच्या मोबाइलवर हल्ली कोरियन मालिका दिसतात. विरार ते चर्चगेट हा साठ किलोमीटरचा प्रवास. बसायला जागा मिळाली की एक भाग सहज पाहून होतो. घरी मात्र आई-वडिलांना प्रश्न पडतो. माणसे परकी, भाषा परकी, मग यात हिला एवढे काय सापडते? रागावण्यापूर्वी एकदा तिच्या शेजारी बसून पाहावे.

२०१७ साली 'डिसेंडंट्स ऑफ द सन' ही कोरियन मालिका झिंदगी वाहिनीवर हिंदीत दाखवली गेली. २०२० च्या टाळेबंदीनंतर अशा मालिकांचा प्रसार झपाट्याने वाढला. त्या बहुधा १२ ते १६ भागांत संपतात. वर्षानुवर्षे लांबत नाहीत. काहींना हिंदी आवाज आहे, बाकीच्या खालची अक्षरे वाचून समजतात.

सर्वांनी मिळून पाहावी अशी पहिली मालिका 'होमटाउन चा-चा-चा' (२०२१, १६ भाग). दंतवैद्य युन हे-जिन रुग्णांवर नको ते उपचार करण्यास विरोध करते, नोकरी सोडते आणि समुद्रकाठच्या गोंगजिन गावात दवाखाना उघडते. तेथील हाँग दु-शिक गावात पडेल ते काम करतो आणि तासाला कायद्याने ठरलेले किमान वेतनच घेतो. तोही उच्चशिक्षित आहे, हे पुढे कळते. पण गावाचा विश्वास त्याच्या पदवीवर नाही, कामावर आहे. शिकलेल्या मुलीने कष्टकऱ्याकडे कोणत्या नजरेने पाहावे, हा प्रश्न मालिका हसतखेळत विचारते.

दुसरी 'क्रॅश लँडिंग ऑन यू' (२०१९-२०, १६ भाग). दक्षिण कोरियातील उद्योजिका वादळात पॅराग्लायडरसह सीमेपलीकडे उत्तर कोरियात जाऊन पडते आणि तेथील एक लष्करी अधिकारी तिला लपवतो. १९५० ते ५३ च्या युद्धानंतर हे दोन देश आजही दुभंगलेलेच आहेत. वीज जाते, गाडी मध्येच थांबते आणि गावातल्या बायका एकमेकींना धरून राहतात. हे पाहताना घरातल्या आजीलाही परके वाटणार नाही.

तिसरी, निव्वळ हसण्यासाठी 'बिझनेस प्रपोजल' (२०२२, १२ भाग). तळलेल्या कोंबडीचे दुकान चालवणाऱ्या घरातील शिन हा-री मैत्रिणीच्या जागी मुलगा पाहायला जाते. समोर बसलेला निघतो तिच्याच कंपनीचा प्रमुख! कांदेपोह्यांचा कार्यक्रम अनुभवलेल्या प्रत्येकीला यातली गंमत कळेल.

एका मालिकेविषयी मात्र सावध करावेसे वाटते. 'बॉइज ओव्हर फ्लॉवर्स' (२००९, २५ भाग) मुलींना फार आवडते. कपडे धुण्याच्या दुकानदाराची मुलगी गुम जान-दी श्रीमंतांच्या शाळेत जाते, तिथे तिचा छळ होतो आणि छळणाऱ्यांचा म्होरक्याच पुढे तिचा प्रियकर बनतो. जान-दी निमूट सोसत नाही, उलट उत्तर देते. तेवढे जरूर घ्यावे. पण जो आपल्या गरिबीवरून, घरावरून चारचौघांत अपमान करतो, मनगट धरून ओढतो, त्याचे ते वागणे प्रेम नव्हे. शाळा-कॉलेजात असे बोल ऐकलेल्या आपल्या मुलींना हे कोणीतरी घरात बसून सांगायला हवे.

अनेक मालिकांत कोणी तरी धनाढ्य वारस नायिकेच्या आयुष्यात येतो. ते स्वप्न पाहायला हरकत नाही. मात्र नीट पाहिले तर यातल्या बहुतेक नायिका स्वतःच्या पायावर उभ्या आहेत : कोणी डॉक्टर, कोणी उद्योजिका, कोणी कंपनीत नोकरदार. मुलींना ही बाजू दाखवून द्यावी.

आणि मालिका संपली की तिला एकच विचारावे, "तिच्या जागी तू असतीस तर काय केले असतेस?" उत्तर मात्र मध्ये न बोलता, शेवटपर्यंत ऐकावे. मुलीच्या मनात जोडीदाराविषयी काय आहे, हे कळण्याची अशी सोपी संधी पुन्हा लवकर मिळत नाही.