कसबे माढे : ओळख आपल्याच बाजारगावाची



आपण माढ्याला किती वेळा जातो? सातबाऱ्यासाठी तहसिलात, बियाण्यासाठी दुकानात, पोरांच्या दाखल्यासाठी. काम झाले की पिशवी उचलून परतीची एस.टी. धरतो. गढीचा बुरूज रोज नजरेसमोर असतो, पण तो कोणी बांधला हे घरातल्या लेकराने विचारले तर आपण गप्प बसतो. पिकते तिथे विकत नाही म्हणतात, तसेच हे आहे. तेव्हा आज खत-औषधाची गोष्ट बाजूला ठेवू आणि आपल्या बाजारगावाची ओळख करून घेऊ.

कसबा म्हणजे काय?

जुन्या कागदांत गावांचे दोन प्रकार आढळतात, मौजे आणि कसबे. मौजे म्हणजे शेतीचे साधे गाव. तिथे पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार. कसबे म्हणजे परगण्याचे मुख्य गाव. तिथे बाजारपेठ भरे, पेठेचा कारभार शेटे-महाजन पाहत, आणि देशमुख-देशपांड्यांकडे आसपासच्या गावांचा हिशेब असे. बाजार भरवणे हा त्या काळी मान होता, आणि तो राज्यकर्त्याच्या परवानगीने मिळे.

ही रीत फक्त आपल्याकडचीच नव्हे. दूर युरोपात ऑस्ट्रिया नावाचा डोंगराळ देश आहे. तिथेही एखाद्या गावाला राजाकडून किंवा सरदाराकडून बाजाराचा हक्क मिळाला, की ते गाव साध्या खेड्याहून वरचे आणि शहराहून खालचे मानले जाई. तिथली लहान गावे आजही 'बाजारगाव' ही पदवी नावामागे लावतात, आणि बाजारचौकातल्या जुन्या घरांचा इतिहास पाहुण्यांना हौसेने सांगतात. आपले कसबे त्याच तोलाचे. फरक इतकाच, की ते सांगतात आणि आपण सांगत नाही.

गाव इथेच का वसले?

नकाशा काढून पाहा. तालुक्याच्या पश्चिमेला भीमा, पूर्वेला सीना, आणि मधल्या पट्ट्यात माढे. या दोन नद्यांच्या मधली खोल काळी जमीन परतीच्या पावसाचे पाणी पोटात धरून ठेवते, आणि त्या ओलीवर शाळू पिकतो. शेजारच्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेले मालदांडी 35-1 हे वाण अजून आपण पेरतो, ते याच मातीच्या गुणाने. पाऊस बेभरवशाचा असला तरी साधले त्या वर्षी कणगी भरत. जिथे धान्य उरते तिथे बाजार येतो, आणि बाजार आला की त्याच्या रक्षणाला गढी येते.

गढी आणि माढेश्वरी

माढ्याची गढी रावरंभा निंबाळकरांची. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात फलटणच्या निंबाळकर कुळातले रंभाजी निंबाळकर निजामाच्या पदरी मोठे सरदार होते. 'रावरंभा' हा त्यांचा किताब. माढे, करमाळे, बार्शी, भूम हा मुलूख त्यांच्या जहागिरीत होता. करमाळ्याचा किल्ला आणि तिथले कमलाभवानीचे देऊळ याच घराण्याचे. गावाबाहेरचे माढेश्वरीचे देऊळही लोक निंबाळकरांच्याच नावाशी जोडतात. नवरात्रात आयाबाया दर्शनाला जातात. या वर्षी जाल तेव्हा ओटी भरून झाली की दोन मिनिटे देवळाचे दगडी काम पाहा. चुना, घडीव दगड आणि माणसाचे हात, एवढ्यावर ते इतकी वर्षे उभे आहे.

माढ्याचा विठ्ठल

माढ्यात विठ्ठलाचेही देऊळ आहे, आणि त्यातल्या मूर्तीमुळे साऱ्या महाराष्ट्रात वाद झाला होता. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 1984 साली 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा ग्रंथ लिहिला. त्याला 1987 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 1659 साली अफझलखान पंढरपुरावर चालून आला, तेव्हा मूर्ती सुरक्षित ठिकाणी हलवली गेली, असे परंपरा सांगते. त्या धामधुमीत मूळ मूर्ती माढ्याला आली आणि तीच इथे राहिली, असे ढेरे यांचे म्हणणे. त्यांचा मुख्य आधार असा, की जुन्या माहात्म्यात विठ्ठलाच्या छातीवर मंत्राक्षरे असल्याचे वर्णन आहे, आणि तशी अक्षरे माढ्याच्या मूर्तीवर दिसतात. पंढरपूरकरांनी आणि अनेक अभ्यासकांनी हे मान्य केले नाही. वारकऱ्याला या वादात पडण्याचे कारण नाही. त्याचा देव विटेवर उभा आहे तो आहेच. पण ज्या मूर्तीसाठी लांबलांबचे विद्वान आले, ती पाहायला आपण तालुक्यातली माणसे गेलो का, हा प्रश्न मात्र मनाला विचारावा.

रेल्वे आली, बाजार सरकला

1818 साली इंग्रजी अंमल आला. 1838 साली सोलापूर जिल्हा प्रथम केला, तेव्हापासून माढे हे तालुक्याचे ठाणे. 1859-60 मध्ये मुंबईहून सोलापूरकडे रेल्वेचे रूळ पडले. माढ्याला स्टेशन मिळाले, पण गावापासून दूर. खरा लाभ झाला कुर्डुवाडीचा. तिथूनच 1897 मध्ये बार्शीला अडीच फुटी रुळांची लहान गाडी सुरू झाली. पुढे ती 1906 साली पंढरपूरला, 1911 साली लातूरला आणि 1927 साली मिरजेला पोचली. वडीलधाऱ्यांनी त्या गाडीने वाऱ्या केल्या आहेत. आता तिथे रुंद रूळ आहेत. मालाची चढउतार कुर्डुवाडीत, मोठी अडत बार्शीत, आणि माढ्याला राहिली कचेरी. तालुक्याचे नाव माढे, पण मोठे गाव कुर्डुवाडी, ते यामुळे. बाजार रस्त्यामागे जातो, हा धडा पेठेत गाळा घेणाऱ्याने आजही ध्यानात ठेवावा.

दुष्काळ आणि उजनी

1876-77 च्या मोठ्या दुष्काळात आष्टीच्या तलावावर हजारो हात राबले. तेव्हा आष्टी माढे तालुक्यात होती, आता मोहोळ तालुक्यात आहे. 1972 चा दुष्काळ तर अनेकांनी खडी फोडून काढला. मग 1980 साली भीमेवरचे उजनी धरण पुरे झाले. सुमारे 117 टीएमसीचा हा साठा आपल्याच तालुक्याच्या उशाशी आहे. कोरडवाहू शाळूच्या जागी ऊस, केळी, द्राक्षे आली, कौलाच्या जागी स्लॅब आला.

पण वाचकहो, एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्या काळ्या रानाने ओल धरून हे गाव पोसले, तेच रान मोकाट पाण्याने मिठाचे होते. पांढरी फुटलेल्या जमिनी कालव्याखाली पाहायला मिळतात. चर काढा, पाणी मोजून द्या, ठिबक वापरा. गढी पडली तर गावाची शोभा जाईल. माती गेली तर गावच जाईल.

आपल्या हाती काय आहे?

पहिले, गढीचा किंवा जुन्या बारवेचा दगड गोठ्याला, विहिरीला आणू नका. एक चिरा काढला की पुढच्या पावसात त्याच्या वरचे दहा ढासळतात.

दुसरे, तुमच्या गावच्या मारुतीच्या पारावर चित्रे कोरलेला उभा दगड असेल, तर तो बहुधा वीरगळ असतो. तो खालून वर वाचायचा. खाली लढाई आणि बऱ्याचदा वळवून नेलेली गुरे, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. गावची गुरे राखताना मेलेल्या माणसाची ती आठवण. त्यावर ऑइलपेंट फासू नका आणि कपडेही धुऊ नका.

तिसरे, नांगरताना नाणी, ताम्रपट, मूर्ती निघाली तर सोनाराकडे नेऊ नका. 1878 च्या कायद्याने, दहा रुपयांवर किमतीचे गुप्तधन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. तहसीलदारांकडे लेखी वर्दी देऊन पोच घ्या. वितळवलेल्या ताम्रपटाची मोडीत किंमत किरकोळ, पण त्यावर तुमच्या गावचे सर्वांत जुने नाव कोरलेले असू शकते.

चौथे, घरात मोडी कागदांचे दप्तर असेल तर ते वाळवीपासून जपा आणि जाणकाराकडून वाचून घ्या. त्यात बांधांचा, विहिरींचा आणि इनामांचा इतिहास असतो.

पुढच्या खेपेला माढ्याला जाल तेव्हा लेकरांना सोबत न्या. कचेरीतले काम उरकले की गढी, विठ्ठल आणि माढेश्वरी त्यांना दाखवा. एस.टी. एक चुकली तर दुसरी मिळेल.