पडद्यावरचे चित्र

लहान चित्र दिवा आणि भिंग यांच्या साहाय्याने मोठे करून पडद्यावर दाखविण्याची युक्ती जुनी आहे. कल्याण येथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने असे खेळ दाखविण्यास आरंभ केला. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्यासमोर धरली, की ती पडद्यावर मोठी होऊन उमटत. असा कंदील चालविणाऱ्याला दोन कामे स्वतःच करावी लागतात. कोणती काच केव्हा घालावयाची, ही झाली निवड. आणि भिंग किती पुढेमागे सरकविले असता चित्र स्पष्ट होते, हे झाले स्मरण.

आजच्या प्रक्षेपकात, म्हणजेच प्रोजेक्टरमध्ये, रंगविलेली काच नसते. संगणकाकडून चित्राचे संकेत विजेच्या रूपाने तारेतून येतात. काही प्रक्षेपकांत त्या संकेतांवरून लक्षावधी सूक्ष्म आरसे हलतात आणि दिव्याचा प्रकाश पडद्याकडे किंवा पडद्यापासून दूर वळवितात. अशा आरशांची चकती लॅरी हॉर्नबेक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८७ साली शोधून काढली. यंत्र असे पालटले. परंतु निवड आणि स्मरण ही दोन कामे मात्र राहिलीच आहेत.

प्रथम निवडीचा विचार करू. प्रक्षेपकाच्या मागील बाजूस तारा जोडण्यासाठी निरनिराळी छिद्रे असतात. ‘व्हीजीए’ या जोडणीत पंधरा टाचण्या तीन ओळींत बसविलेल्या असतात. १९८७ सालापासून रूढ झालेल्या या जोडणीतून केवळ चित्र जाते, आवाज जात नाही. ‘एचडीएमआय’ ही नंतरची चपटी जोडणी होय. तिच्यात एकोणीस टाचण्या असून तिच्यातून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. म्हणून व्हीजीएची तार जोडली असता चित्र दिसले पण आवाज आला नाही, तर यंत्र बिघडले असे समजण्याचे कारण नाही.

तार जोडली तरी कित्येकदा पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशी सूचना येते. पाटाचे पाणी एका दारापाशी येऊन थांबावे आणि शेतकऱ्याने दुसरेच दार मोडावे, म्हणजे वाफा कोरडाच राहतो. तसाच हा प्रकार असतो. तार एका जोडणीत असते आणि प्रक्षेपक दुसरीकडे वाट पाहत असतो. अशा वेळी ‘इनपुट’ किंवा ‘सोर्स’ असे लिहिलेले बटन दाबून योग्य जोडणीचे नाव निवडावे. तरीही चित्र न आल्यास संगणक बाहेर चित्र पाठवीत आहे ना, हे पाहावे.

चित्र आले म्हणजे काम संपले असे नाही. ते खरे दिसले पाहिजे. प्रक्षेपक खाली ठेवून त्याचे तोंड वर उचलले, तर प्रकाशाला पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत अधिक अंतर जावे लागते. त्यामुळे चित्र वर रुंद व खाली अरुंद होऊन त्याचा समलंब चौकोन होतो. हा दोष ‘कीस्टोन’ या सोयीने काढता येतो. तथापि ती सोय चित्राची रुंद बाजू आक्रसून घेते, आणि तेथील बारीक रेषा काहीशा अस्पष्ट होतात. म्हणून आधी यंत्रच पडद्यासमोर सरळ ठेवावे आणि उरलेला दोष तेवढा कीस्टोनने काढावा.

याहून मोठी फसगत प्रमाणाची होते. काही चित्रांची रुंदी व उंची ४:३ या प्रमाणात असते, तर काहींची १६:९ या प्रमाणात. पहिल्या प्रकारचे चित्र ताणून दुसऱ्या प्रकारात बसविले, तर ९ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ ९ सेंटिमीटर उंच पण १२ सेंटिमीटर रुंद होते. वर्तुळ वर्तुळ राहत नाही, समभुज त्रिकोण समभुज राहत नाही आणि नकाशातील देश फुगलेला दिसतो. पाहणारा विद्यार्थी ते तसेच खरे मानतो, ही त्यातली हानी होय. यानंतर उजेड आणि रंग ठरवावे. ते शेवटच्या रांगेत उभे राहून पारखावे. कारण अक्षरे प्रथम तेथेच दिसेनाशी होतात.

एवढे श्रम दररोज करावे लागू नयेत, म्हणून प्रक्षेपकाला स्मृती दिलेली असते. वीज गेली तरी तीत साठविलेले आकडे पुसले जात नाहीत. अनेक प्रक्षेपकांत अंधाऱ्या खोलीसाठी एक आणि उजेडाच्या खोलीसाठी दुसरी, अशा निरनिराळ्या मांडण्या ‘सेव्ह’ करून ठेवता येतात. पुष्कळ यंत्रे प्रत्येक जोडणीची मांडणी निराळी लक्षात ठेवतात. तेव्हा तार बदलली की मांडणी पुन्हा तपासणे इष्ट असते. ‘रीसेट’ केल्यास मात्र कारखान्यातील मूळ मांडणी परत येते आणि आपली मेहनत वाया जाते.

यंत्राला स्मरण असले तरी पारख नसते. चुकीची मांडणी साठविली, तर ते तीच चूक रोज इमानाने दाखवील. म्हणून साठविण्यापूर्वी पडद्यावर एक वर्तुळ आणावे आणि त्याचा आडवा व उभा व्यास पट्टीने मोजावा. दोन्ही मापे सारखी भरली, म्हणजे खुशाल ‘सेव्ह’ करावे.