निवड परीक्षेचा निकाल आणि दाद मागण्याचा हक्क

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत मुलाची चौथी-पाचवीची वर्षे ही आता पालकांच्याच कसोटीची वर्षे झाली आहेत. शिष्यवृत्ती परीक्षा, साताऱ्याच्या सैनिक शाळेची प्रवेश परीक्षा आणि नवोदय विद्यालयाची निवड चाचणी, अशा परीक्षांना दहा-अकरा वर्षांचे मूल एकामागून एक बसते. यादीत नाव नसले, की दाद कोठे मागावयाची हा प्रश्न घरात उभा राहतो. या प्रश्नाचे उत्तर मात्र प्रत्येक परीक्षेगणिक वेगळे आहे.

शिष्यवृत्ती परीक्षेत राज्य परीक्षा परिषद प्रथम अंतरिम उत्तरसूची प्रसिद्ध करते, तिच्यावर आक्षेप मागविते आणि अंतरिम निकालानंतर गुणपडताळणीची संधी देते. सैनिक शाळेच्या प्रवेश परीक्षेतही उत्तरसूची दाखवून, शुल्क घेऊन हरकती स्वीकारल्या जातात. नवोदयच्या नियमांत मात्र गुणांच्या फेरमोजणीला जागा नाही.

1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ग्रामीण भागातील बुद्धिमान मुलांसाठी नवोदय विद्यालयांची योजना उचलून धरली. शिक्षण, निवास आणि भोजन विनामूल्य. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी. सांगली जिल्ह्याचे विद्यालय पलूसला आहे. सहावीच्या वर्गात जास्तीत जास्त 80 जागा आणि त्यांसाठी दोन तासांत 80 प्रश्नांची, 100 गुणांची एकच चाचणी. ही चाचणी मुलाला आयुष्यात एकदाच देता येते. जेथे दुसरी संधी नाही, तेथेच दाद मागण्याची सोय सर्वांत अपुरी असावी, ही विसंगती आहे.

यावर असे सांगितले जाते की, उत्तरपत्रिका यंत्र तपासते, तेव्हा चूक होणे नाही. परंतु यंत्र उत्तरसूचीप्रमाणे गुण देते आणि ती सूची माणसेच तयार करतात. एखाद्या प्रश्नाची दोन उत्तरे बरोबर ठरत असतील, तर यंत्र ते ओळखू शकत नाही. परीक्षार्थी लाखांनी आहेत, हरकती ऐकत बसल्यास प्रवेश लांबतील, हाही आक्षेप टिकणारा नाही. शिष्यवृत्ती परीक्षेलाही लाखो मुले बसतात आणि तेथे हरकतींची व्यवस्था चालते.

पालकांना कायद्याचा आधार मुळीच नाही, असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2011 मध्ये, तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क माहितीच्या अधिकाराखाली मान्य केला. माहितीसाठी अर्ज केल्यावर 30 दिवसांत उत्तर मिळावयास हवे. ते न मिळाल्यास अथवा असमाधानकारक वाटल्यास पुढील 30 दिवसांत पहिले अपील करता येते. मात्र हा हक्क पाहण्याचा आहे, फेरतपासणीचा नव्हे, हे ध्यानात ठेवावे. शिवाय निवड केवळ गुणांवर होत नाही. तालुका, ग्रामीण-शहरी भाग आणि आरक्षण यांचाही हिशेब असतो. शेजारच्या मुलाला कमी गुण असूनही प्रवेश मिळाला, एवढ्यावरून अन्याय सिद्ध होत नाही. म्हणूनच प्रत्येक गटातील शेवटच्या निवडीचे गुण जाहीर करावेत. संशयावर तेच उत्तम औषध आहे.

येथे एक धोकाही आहे. अर्ज, अपील, मुदत यांची भाषा शिक्षकाच्या आणि कारकुनाच्या घरात समजते. माण-खटावच्या किंवा जत-आटपाडीच्या कोरडवाहू शेतकऱ्याला ती कोणी समजावून द्यावयाची? दाद मागणे हाही सुशिक्षितांचाच हक्क झाला, तर ज्यांच्यासाठी ही योजना निघाली तेच पुन्हा मागे राहतील. म्हणून गुणपत्रक आणि उत्तरपत्रिकेची प्रत न मागता प्रत्येक मुलाला मिळावी आणि हरकतीचा अर्ज शाळेतील शिक्षकांनी भरून द्यावा.

आणि अपील फेटाळले गेले तर? यादीत न आलेले मूल बुद्धीने उणे ठरत नाही. 80 जागांत ते मावले नाही, एवढेच सिद्ध होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या गरीब मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. निवडक मुले वेचून घेण्यापेक्षा शिक्षणाचे दार रुंद करणे, हा त्यांचा मार्ग होता. निवडीचे निकाल खुले करण्याचा आग्रह अवश्य धरावा. पण गावची शाळाच इतकी चांगली व्हावी, की यादीत नाव नसल्याचे दुःख मुलाला फार दिवस बाळगावे लागू नये, हा आग्रह त्याहून मोठा आहे.