खटक्यावर किती विसंबावे?

१ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत अभिनेते गोविंदा यांना त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली. अशा वेळी ‘खटका लावलेला नव्हता काय?’ हा प्रश्न सहज मनात येतो. परंतु बहुतेक रिव्हॉल्व्हरना हाताने लावावयाचा खटका नसतोच, हे किती जणांस ठाऊक असते?

जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याची टोच काडतुसाच्या बुडाशीच टेकलेली असे. म्हणून एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत जाणती माणसे सहांपैकी एक घर रिकामे ठेवून त्यावर घोडा टेकवीत. ही सुरक्षा यंत्रात नव्हे, माणसाच्या सवयीत होती. पुढे १९७३ साली रूगर कंपनीने आपल्या रिव्हॉल्व्हरमध्ये एक लहानशी पट्टी बसविली. त्यामुळे चाप पूर्ण ओढल्याखेरीज घोड्याचा आघात काडतुसापर्यंत पोहोचेनासा झाला. अपघाताने पडलेले शस्त्र यामुळे निर्धोक झाले खरे. पण चापावर विसावलेल्या बोटाला कोणती पट्टी अडविणार?

दुनळी बंदुकीच्या खटक्यावर तर भलताच विश्वास टाकला जातो. पुष्कळ बनावटींत तो केवळ चाप अडवितो. आतला घोडा ताणलेलाच राहतो आणि बंदूक दगडावर आपटली तर निसटू शकतो. कोकणातल्या शेतकऱ्याच्या ठासणीच्या बंदुकीत तर घोडा अर्धा चढवून ठेवणे एवढीच काय ती सोय. खाच झिजली की तीही गेली. रानडुकरांमागे अंधारात धावणाऱ्याने हे कोणाकडून शिकावे?

२०१६ च्या शस्त्र नियमांनी परवाना मागणाऱ्यास सुरक्षेचे प्रशिक्षण आवश्यक केले, हे योग्यच झाले. मात्र २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली, आणि कपाटात पडून राहिलेल्या शस्त्राबरोबर मालकाची विद्याही गंजते. पिस्तुलाची काडतूसपेटी काढली म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, असे समजणारा सुशिक्षित मनुष्य अपवादात्मक नाही. नळीत चढलेले काडतूस तेथेच असते. तेव्हा नूतनीकरणाच्या वेळी कागदपत्रे तपासण्यापूर्वी अर्जदाराने जाणकार अधिकाऱ्यासमोर, नळी निर्धोक दिशेस धरून आणि बोट चापापासून दूर ठेवून, आपले शस्त्र रिकामे करून दाखवावे. ज्यास हे जमणार नाही, त्याने पुन्हा प्रशिक्षण घेऊन यावे. तोवर शस्त्र पोलीस ठाण्यात जमा राहील.