तीर्थन खोऱ्यातील पदभ्रमण : पर्यटकाचा रुपया कोणाच्या हाती?

हिमाचल प्रदेशातील कुलू जिल्ह्यात बंजारच्या पुढे गुशैनी नावाचे गाव आहे. तेथून तीर्थन नदीच्या काठाने चालत निघाल्यास पहिला मुक्काम रोला येथे पडतो. पुढे तीन-चार दिवसांच्या चालीवर, हिमरेषेच्या जवळ, नदीचे उगमस्थान ‘तीर्थ’ आहे. वाटेत देवदार, अक्रोड, मेपल, त्यानंतर भूर्जवृक्ष आणि शेवटी गवताळ कुरणे, असा वनस्पतींचा क्रम उंचीबरोबर बदलत जातो. प्रस्तुत लेखकाने ही वाट चालताना तीन दिवसांत दुसरा एकही पर्यटकांचा गट पाहिला नाही. या शांततेची किंमत कोणी व किती मोजली, हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पडावा असा प्रश्न आहे.

हक्क गेले, ते कसे?

ही वाट ‘ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्याना’तून जाते. १९८४ मध्ये उद्यानाचा हेतू जाहीर झाला आणि अंतिम अधिसूचना १९९९ मध्ये निघाली. उद्यानाचे क्षेत्र ७५४.४ चौ. कि.मी. आहे. मधल्या पंधरा वर्षांत जे घडले ते समजण्यासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील एक भेद लक्षात घेतला पाहिजे. अभयारण्यात जिल्हाधिकारी काही हक्क चालू ठेवू शकतात. राष्ट्रीय उद्यान जाहीर होण्यापूर्वी मात्र त्या भूमीवरील सर्व हक्कांचा निपटारा व्हावा लागतो आणि नंतर तेथे गुरे चारता येत नाहीत. परीक्षेत हा फरक एका ओळीत लिहून भागते. खोऱ्यातील मेंढपाळाच्या दृष्टीने तो उन्हाळी कुरण असणे आणि नसणे यातील फरक होता.

उद्यानाच्या पश्चिम सीमेला लागून असलेल्या परिसर-विकास क्षेत्रात सुमारे १६० लहान गावे आहेत. येथील कुटुंबे मेंढ्या चारणे, ‘गुच्छी’ नावाची रानअळिंबी वेचणे व औषधी मुळ्या गोळा करणे यांवर रोख उत्पन्नासाठी अवलंबून होती. हक्कांच्या निपटाऱ्यात कागदोपत्री हक्कदार म्हणून नोंदलेल्यांना भरपाई मिळाली. ज्यांची वहिवाट होती पण नोंद नव्हती, त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही. भूमिहीन व दलित कुटुंबांचे प्रमाण अशांमध्ये अधिक असणे स्वाभाविक होते, कारण जुनी नोंद ही मुळात जमिनीशी जोडलेली असते. वनहक्क कायदा २००६ मध्ये आला. संरक्षित क्षेत्रात हक्कांत फेरबदल करण्यापूर्वी ग्रामसभेची संमती त्याने आवश्यक केली. परंतु तोपर्यंत येथील निर्णय होऊन गेला होता.

पर्यायी उत्पन्नाचे गणित

जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ ते १९९९ या काळात येथे परिसर-विकासाचा प्रकल्प राबविण्यात आला. प्रारंभीचा भर वस्तुवाटपावर होता आणि त्याचा परिणाम अल्पजीवी ठरला. त्यानंतर महिलांचे बचत गट उभे राहिले. प्रत्येकीने रोज एक रुपया बाजूला ठेवायचा, गांडूळखत तयार करून विकायचे, जर्दाळूच्या बियांचे तेल काढायचे, अशी ही कामे होती. पदभ्रमणाचा विचार याच मालिकेत पुढे आला. ज्याचे कुरण गेले, त्याला वाटाड्या, हमाल किंवा स्वयंपाकी म्हणून वेतन मिळावे, अशी त्यामागील कल्पना होती.

कल्पना योग्य आहे. पण तिची कसोटी ‘गळती’ या संज्ञेत आहे. पर्यटकाने खर्च केलेल्या रकमेचा जो भाग स्थानिक अर्थव्यवस्थेबाहेर जातो, त्याला गळती म्हणतात. समजा, चार जणांच्या गटाने चार दिवसांच्या वाटचालीसाठी ४०,००० रुपये दिले. नोंदणी दिल्लीतील संस्थेकडे झाली, तंबू व शिधा बाहेरून आला आणि वाटाड्याही बाहेरचाच असला, तर गावात केवळ हमालांची मजुरी, म्हणजे कदाचित ८,००० रुपये उरतील. हेच काम गावातील मंडळींनी स्वतः संघटित केले, तर ३०,००० रुपयेही उरू शकतात. (हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.) पर्यटकांची संख्या दोन्हीकडे सारखीच, म्हणून केवळ पर्यटकसंख्येवरून विकास मोजणारा अहवाल काहीच सांगत नाही.

राज्य शासनाच्या २००८ च्या गृहनिवास योजनेने तीन खोल्यांपर्यंत पर्यटक ठेवणाऱ्या घरांना घरगुती दराने वीज व पाणी देऊ केले. त्याचा लाभ खोऱ्यात झाला. मात्र खोली देण्यासाठी आधी पक्के घर लागते आणि ते रस्त्याजवळ असावे लागते. ज्याच्याकडे दोन्ही नाही, तो आजही पाठीवर ओझेच वाहतो.

शेजारचे खोरे

तुलनेसाठी फार दूर जावे लागत नाही. पलीकडच्या सैंज खोऱ्याने दुसरा मार्ग घेतला. अंतिम अधिसूचनेच्या वेळी जीवा नाल्याचा काही भाग जलविद्युतीसाठी उद्यानाबाहेर ठेवण्यात आला. ५२० मेगावॉटचा पार्वती-३ प्रकल्प सैंज नदीवर उभा राहिला आणि ८०० मेगावॉटचा पार्वती-२ हा २०२५ मध्ये पूर्ण क्षमतेने सुरू झाला. तीर्थन नदी मात्र अशा प्रकल्पांपासून मुक्त राहिली. त्यामागे स्थानिकांचा दीर्घकाळचा विरोध होता आणि ब्रिटिशांनी आणलेल्या ट्राउट माशाचाही त्यात वाटा होता, कारण वाहत्या थंड पाण्याशिवाय हा मासा जगत नाही. वीज देशाला हवीच आहे. सैंजने केलेला त्याग हाही राष्ट्रीय हिशेबात धरला पाहिजे. परंतु बांधकाम संपले की मजुरी संपते, आणि वाहत्या नदीकाठची वाट दरवर्षी थोडेथोडे देत राहते. जुलै २०२३ च्या पुरात सैंजच्या बाजारपेठेची मोठी हानी झाली. अशा आपत्तींचा खर्च दोन्ही मार्गांच्या ताळेबंदात मांडलेला नसतो.

जून २०१४ मध्ये युनेस्कोने हे क्षेत्र जागतिक वारसा म्हणून नोंदविले. तीर्थन व सैंज ही दोन अभयारण्ये धरून त्याचा विस्तार ९०५.४ चौ. कि.मी. होतो. नोंद करतानाच या अभयारण्यांतील स्थानिकांच्या हक्कांचा प्रश्न लवकर सोडवावा, अशी अपेक्षाही व्यक्त झाली. सैंज अभयारण्यात शक्ती व मरोड ही वस्तीची गावे आहेत. हा भाग १९९९ मध्ये राष्ट्रीय उद्यान न होता अभयारण्य राहिला, म्हणून तेथील लोक आपल्या घरात आहेत.

दरम्यान, पर्यटनाचे स्वरूप बदलत आहे. जिभी आणि जलोरी खिंडीकडे मोटारींची रांग वाढली आहे; रात्रीपुरता मुक्काम करून सकाळी निघणारा प्रवासी आता अधिक दिसतो. असा प्रवासी हॉटेलमालकाला पैसे देतो, हमालाला नाही. गुशैनीत परतल्यावर आमचे ओझे उतरवून ठेवणाऱ्या प्रौढ मेंढपाळाला लेखकाने विचारले, वर्षात किती दिवस असे काम मिळते? बोटांवर मोजून तो म्हणाला, ‘यंदा बावीस.’ पूर्वी कुरणावर तो पाच महिने असे.