रक्तातील विकरं आणि रक्तदाब : रिपोर्ट कसा वाचावा?



हल्ली आपल्या अकलूजमध्येही बरेच जण रक्ताच्या सगळ्या तपासण्या एकदम करून घेतात. रिपोर्टमध्ये 'जीजीटी' वाढलेला दिसला की कुणीतरी सांगतं, "हे बीपीचं लक्षण!" हे कितपत खरं? चला, समजून घेऊ.

विकर म्हणजे काय?
विकर म्हणजेच एन्झाइम. शरीरातील रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारी ही प्रथिने. भाकरी बराच वेळ चावली की गोड लागते, ती लाळेतल्या विकरामुळे.

रेनिनचे काम
१८९८ साली स्टॉकहोममध्ये टिगरस्टेड आणि बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशांना टोचला. त्यांचा रक्तदाब वाढला! अर्कातील या घटकाला त्यांनी 'रेनिन' नाव दिलं.

रक्तदाब उतरला की मूत्रपिंड रेनिन सोडतं. त्यातून पुढे अँजिओटेन्सिन-२ तयार होतं. रक्तवाहिन्या आकसतात, शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं. ठिबकच्या नळीत पाणी वाढवून नळीच चिमटली तर दाब वाढणारच ना? तसंच हे. या साखळीत एसीई नावाचं आणखी एक विकर असतं. रामिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्या त्यालाच अडवतात.

पण बीपी असलेल्या प्रत्येकाचं रेनिन वाढलेलं नसतं. अनेकांचं कमीच असतं. बऱ्याच गोळ्या घेऊनही बीपी उतरत नसेल, तर डॉक्टर रेनिन आणि अल्डोस्टेरॉन एकत्र तपासून कारण शोधतात.

मग जीजीटी?
जपान, कोरियातील नोकरदारांच्या पाहण्यांत जीजीटी जास्त असणाऱ्यांना पुढे उच्च रक्तदाब होण्याचं प्रमाण अधिक दिसलं. मात्र दारू, चरबीयुक्त यकृत, काही औषधं यांनीही जीजीटी वाढतो. म्हणजे ही फक्त सूचना, निदान नव्हे. आणि जीजीटी नॉर्मल आला म्हणून बीपी नाही, असंही समजू नका.

निदान कसं होतं?
दंडाला पट्टा बांधूनच! पाच मिनिटं शांत बसा, पाय जमिनीवर टेकवा, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवा. अर्धा तास आधी चहा, तंबाखू नको. वेगवेगळ्या दिवशी मोजून दवाखान्यात १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल, तर मोठ्या माणसांत तो उच्च रक्तदाब. लहान मुलांचे आकडे वय आणि उंचीनुसार वेगळे असतात.

बीपी बहुधा काहीच त्रास न देता वाढतं. सरकारी आरोग्य केंद्रात तिशीपुढच्यांचं बीपी मोफत तपासतात. पालकसभेत हे जरूर सांगा. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, आणि चालू गोळी स्वतःहून बंद करू नका.